चिरेबंदी घर आणि वायफाय : माझ्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

गावी येऊन तीन आठवडे झाले, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सप्टेंबरपर्यंत इथूनच काम करायचं ठरलंय. नेट आहे, फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये पण एवढाच होता. प्रॉब्लेम असा की नेटवाल्याने डबा, म्हणजे त्याचा वायफाय राउटर, ओटीवर लावलाय, दाराच्या अगदी बाजूला, कारण केबल तिथून आत येते आणि पुढे चार मीटर ओढायचा त्याला कंटाळा. आणि मी बसते बाळंतिणीच्या खोलीत. हसू नका, घरात तीच एक खोली शांत आणि थंड आहे. बाबा तिथेच जन्मले, आता तिथे माझं स्टँडअप, म्हणजे ऑफिसची रोजची छोटी मीटिंग, होतं.

काल कॉलवर बोलता बोलता मी सात वेळा गेले आणि आले. शेवटी मॅनेजर म्हणाला की तू चॅटवरच लिही. म्हणून आजपासून हे काम हातात घेतलं आणि वहीत लिहून ठेवतेय, नाहीतर काय केलं आणि कशाने फरक पडला हे दोन दिवसांनी आठवत नाही.

दाराच्या चौकटीत टेप लावून भिंत मोजली, गिलावा धरून सोळा इंच. सगळा जांभा. ओटीवरून माझ्या टेबलापर्यंत सरळ रेष ओढली तर दोन भिंती, एक अशी आणि एक कुडाची, आणि मध्ये माजघरातलं आईचं लोखंडी कपाट, तेही आरशाचं. म्हणजे वायफायसाठी मुद्दाम अडथळ्यांची शर्यत लावल्यासारखं.

बाबांचं मत: चार अँटेनावाला राउटर आण, संपला विषय. मी म्हटलं बाबा, लाउडस्पीकर लावून आजीला हाक मारली तर तिला ऐकू येईल पण तिचं उत्तर मला यायला हवं ना, फोनचा आवाज राउटरपेक्षा बारीकच असतो. बाबांना पटलं नाही. चार अँटेनाच पाहिजेत.

१३ एप्रिल

आज फक्त मोजमाप, काहीही विकत घ्यायचं नाही असं स्वतःला बजावलं.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकलं आणि घरभर फिरले. कांड्या बघून काही कळत नाही, आकडा बघायचा. तो डीबीएममध्ये येतो आणि मायनसमध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तीनने खाली गेला की सिग्नलची ताकद अर्धी, दहाने गेला की एक दशांश. व्हिडिओ कॉल नीट चालायचा तर −६७ च्या आसपास तरी पाहिजे, −८० ला नुसतं कनेक्टेड दिसतं, चालत काही नाही.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चे आकडे असे आले. ओटी −३८, माजघर −५८, स्वयंपाकघर −७१, बाळंतिणीची खोली −८१, खळं (अंगण) −६६. मांगरात (घरापासून सुटी असलेली सामानाची इमारत) काहीच नाही. ५ गिगाहर्ट्झ तर माजघरातच −६९ वर आला आणि पुढे गायब, वेग त्याला जास्त पण भिंत दिसली की तो आधी मान टाकतो.

−३८ ते −८१ म्हणजे ४३ चा फरक, हिशोब केला तर जवळपास वीस हजार पटीने कमी. दोन भिंती आणि एक कपाट!

मोजताना एक गंमत कळली, फोन हातात धरून मी जागच्या जागी गोल फिरले तरी आकडा पाच-सहाने बदलतो कारण मध्ये मी स्वतःच येते. माणूस म्हणजे पाण्याची पिशवीच. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन स्टुलावर ठेवून, अर्धा मिनिट थांबून, मगच वहीत लिहिलं. आजी विचारत होती की स्टूल घेऊन कुठे कुठे फिरतेस, कोणी बघायला यायचेत का.

आणि ते चॅनल बदला चॅनल बदला म्हणून जे जिथे तिथे सांगतात ना, ते शहरातल्या लोकांसाठी. पुण्यात माझ्या बेडरूममध्ये तेवीस नेटवर्क दिसायची, तिथे १, ६, ११ मधला त्यातल्या त्यात रिकामा चॅनल शोधण्यात अर्थ होता, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे हे तीनच. इथे माझं सोडून एक शेजाऱ्यांचं, ते पण −८८. इथे गर्दी नाही, इथे भिंत आहे.

कपाट हलवूया का म्हणून आईला विचारलं. "ते माझ्या लग्नातलं कपाट आहे." एवढंच. विषय बंद.

१९ एप्रिल, शनिवार

दादाकडे एक रिपीटर पडून होता, त्याने एसटीने पाठवून दिला. लगेच खोलीत टेबलाच्या बाजूला लावला, कांड्या फुल्ल. खूश होऊन स्पीड टेस्ट केली तर ३ एमबीपीएस.

चूक माझीच. रिपीटरला जे ऐकू येतं तेच तो पुढे सांगतो, आणि मी त्याला जिथे ऐकूच येत नाही तिथे बसवला. फोन आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल झकास, रिपीटर आणि राउटर यांच्यातला तोच मरका. मग माजघरात सरकवला, अर्ध्या वाटेवर, तिथे जरा बरं, १८ आले. पण तो एकाच रेडिओवर घेतो पण आणि देतो पण, त्यामुळे वेग निम्म्यावर येतोच आणि कॉलमध्ये समोरच्याचं बोलणं अडखळत यायला लागलं. सिनेमा बघायला चालेल, मीटिंगला नाही.

संध्याकाळी पॅक केला. सोमवारच्या एसटीने परत.

२० एप्रिल

आज जे सापडलं ते शोधून सापडलं नाही.

आईला मोठा टोप हवा होता, तो माळ्यावर. फोन खिशात, कानात गाणी चालू, शिडी चढताना मनात म्हटलं आता गाणं तुटेल. तुटलंच नाही. माळ्यावर उभी राहून फोन काढला, −५५. माझ्या खोलीच्या बरोब्बर वर! खाली −८१ आणि वर −५५?

तिथेच बसले, टोपावर, आणि वर बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. आमच्या ओटीवर माळा नाही, थेट कौलं दिसतात. आणि ओटी-माजघराची ती सोळा इंची भिंत छपरापर्यंत जातच नाही, माळ्याच्या फळ्यांच्या वर कंबरभर जाऊन संपते, त्याच्या वर वासे, रिपा आणि कौलं, बाकी मोकळं. म्हणजे सिग्नल भिंतीतून जातच नाहीये, भिंतीवरून उडी मारून येतोय. माळ्याच्या फळ्या सुक्या फणसाच्या, त्यातून तो सहज खाली उतरायला पाहिजे, पण ओटीवरचा डबा कमरेच्या उंचीवर असल्यामुळे तिरका येता येता कपाट, भिंत, सगळ्यात अडकतो.

खालून आजी: "खंय चढलंस गो? पडशीत!"

लगेच प्रयोग केला. पुण्याहून आणलेल्या खोक्यात माझा जुना राउटर होता, त्याला वीस मीटरच्या तयार लॅन केबलने ओटीवरच्या डब्याला जोडला, केबल माजघरातून शिडीवरून तशीच लोंबकळत. माळ्यावर मधोमध ठेवला. खोलीत आले. −५६. ५ गिगाहर्ट्झवर −६३. स्पीड टेस्ट ९२.

टोप विसरले. आई दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा दिला.

२६ एप्रिल, शनिवार

आता हे कायमचं करायचं. तयार केबल लोंबकळत ठेवता येत नाही, बाबा काठी घेऊन चालतात.

कुडाळला जाऊन केबल आणली. दुकानदाराने कॅट सिक्स म्हणून जी दाखवली ती उचलली तर हलकी लागली म्हणून म्हटलं एक टोक सोलून द्या. आतली तार बाहेरून तांब्यासारखी लाल पण ब्लेडने जरा खरवडल्यावर पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती दोनदा वाकवली तरी तुटते आणि क्रिंपिंग करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, तर हमखास. दुकानदार म्हणाला सगळे हीच नेतात. नेऊ देत. पूर्ण तांब्याची दुसऱ्या रिळावर होती, जवळपास दुप्पट भावाची, पंचवीस मीटर घेतली. लांबीचा प्रश्न नव्हता, शंभर मीटरपर्यंत चालते.

क्रिंपिंगला दुपार गेली. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ह्यात निळ्याची जोडी हिरव्याच्या पोटात बसते आणि तिथेच सगळे चुकतात, मी पण. आठही तारा अंगठ्याखाली सपाट करून, एका रेषेत कापून, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि समोरच्या पारदर्शक टोकातून आठ तांब्याचे ठिपके दिसतात का बघायचं. दिसले नाहीत तर दाबायचं नाही. मला सात दिसले होते, तरी दाबलं, कारण लाईट जायच्या आधी उरकायचं होतं.

जोडल्यावर लागलं! नेट चालू. पण राउटरच्या पानावर लिंक १००० च्या जागी १०० दाखवतोय. कारण शंभरच्या लिंकला चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, माझी ४ नंबरची बसली नव्हती. हजाराला आठही लागतात. आत्ताच्या प्लॅनला १०० ने तसं काही अडलं नसतं, पण मला माहितेय की एक तार बसलेली नाही, मग झोप कशी लागणार. कापलं आणि परत केलं. १०००.

केबल पाईपातून नेली, वीस एमएमचा पीव्हीसी, उंदरांमुळे. लाईटच्या वायरच्या सोबतीने नेली नाही, जिथे ओलांडायला लागली तिथे काटकोनात ओलांडली. शेवटचा फूटभर पाईप कमी पडला, तेवढी उघडी आहे. बघू.

२७ एप्रिल

सेटिंगचा दिवस, आणि घरातल्यांच्या संयमाचा.

जुना राउटर आता राउटर म्हणून नको, नुसता वायफाय पसरवणारा डबा, अ‍ॅक्सेस पॉईंट, म्हणून हवा. म्हणजे पत्ते वाटायचं काम, डीएचसीपी, बंद, आणि केबल त्याच्या वॅन भोकात नाही तर लॅन भोकात. हे केलं. पण त्याचा स्वतःचा पत्ता बदलायला विसरले, ओटीवरचा डबा १९२.१६८.१.१ आणि हा पण १९२.१६८.१.१. एका वाडीत एकाच नावाची दोन घरं, पोस्टमन वेडा. सगळ्या घराचं नेट गेलं आणि ते नेमकं आईच्या मालिकेच्या वेळेला. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही. केबल काढून लॅपटॉप थेट माळ्यावरच्या राउटरला लावला, पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, परत जोडला.

दोघांना नाव एकच, पासवर्ड एकच, चॅनल वेगवेगळे. ओटी १ वर, माळा ११ वर. ५ गिगाहर्ट्झला ३६ आणि १४९. २.४ ची रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ.

एक त्रास उरला. बाबा ओटीवरून उठून माजघरात जाऊन आडवे होतात तरी त्यांचा फोन ओटीवरच्याच डब्याला चिकटून राहतो, डोक्यावर माळ्याचा सिग्नल ओततोय तरी. कुठल्या डब्याला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही, आणि फोन जुनी ओळख लवकर सोडत नाही. उपाय उलटा वाटेल, ओटीवरच्याची ताकद कमी केली, हाय वरून मीडियम. आता माजघरात त्याचा आकडा पडतो आणि फोन स्वतःहून सोडतो. बाबांना हे सांगितलं नाही. ताकद कमी करून सुधारतं म्हटलं असतं तर चार अँटेनाचा विषय परत निघाला असता.

१० मे, शनिवार

रोज दुपारी दोन ते तीनच्या मध्ये माळ्यावरचा राउटर मरतो आणि स्वतःच परत उठतो. गुरुवारपासून तीन दिवस सलग.

दुपारी वर गेले, भट्टी. भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर घेऊन गेले होते, ४४ दाखवलं. राउटरच्या खालच्या बाजूला छापलेलं असतं ते शून्य ते चाळीस अंश. त्यात तो स्वतः पण तापतो. कौलांच्या खाली मे महिन्यात आंबे पिकवायला ठेवतात, राउटर नाही.

मग त्याला खाली आणला, पण किती खाली? खोलीत आणला तर परत भिंतींच्या मध्ये. शेवटी माजघराच्या तुळईला खालच्या अंगाने टांगला, माळ्याच्या फळ्यांच्या खाली. माजघर आणि बाळंतिणीच्या खोलीमधली भिंत बारीक आहे, कुडाची, त्याचं काही वाटत नाही. खोलीत −५८, म्हणजे दोनच गेले. तापमान ३४.

अँटेनांचं पण थोडं केलं. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, आडवा, आणि टोकाच्या दिशेला भोक. उंचावर टांगल्यावर दोन्ही अँटेना सरळ खाली ठेवल्या तर बरोबर खाली बसलेल्याला भोक मिळतं. म्हणून एक उभी, एक आडवी.

आजीचं म्हणणं: "ह्यां काय टांगलंस गो तुळयेक, वटवाघूळ कसां."

१८ मे

मांगराचं काम. चुलत भाऊ बारावीत गेलाय, तो तिथे बसतो अभ्यासाला, घरापासून पस्तीस मीटर. पहिला विचार हाच की तांब्याचीच केबल खांबावरच्या विजेच्या तारेसारखी वरून ओढूया. बाबा म्हणाले नको. ह्यावेळी बाबा बरोबर. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी गोठ्यातल्या कॅमेऱ्याला अशीच तांब्याची वायर उघड्यावरून नेली होती आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी जवळ कुठेतरी वीज पडली, वायरवर नाही, जवळ, तरी कॅमेरा, राउटर आणि टीव्हीचं एक भोक गेलं. दोन इमारतींमध्ये तांबं ओढलं की वीज त्यात शिरायला वाट मिळते, अंगावर पडायलाच पाहिजे असं नाही.

म्हणून फायबर. काचेतून करंट जात नाही. दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबलचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे), एक ए आणि एक बी, एकाच काचेच्या धाग्यावर एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट, त्यामुळे दोन्ही एकाच प्रकारचे आणून चालत नाही. गावात केबल टीव्हीचं काम करणारा मुलगा आहे, त्याच्याकडे फायबर जोडायचं मशीन आहे, त्याने दोन्ही टोकं लावून दिली, चहा आणि तीनशे रुपये.

ड्रॉप केबलच्या, म्हणजे ह्या बाहेरून नेलेल्या फायबर केबलच्या, बाजूला आधाराची स्टीलची तार असते, वजन पेलायला. ती तशीच घरात घेतली तर मग फायबर घालून उपयोग काय, वीज तारेवरून आत. त्याने ती भिंतीबाहेरच हुकाला बांधून तोडली, मी सांगायच्या आधी. कामातला माणूस.

मांगरात एक साधा छोटा राउटर लावला. भाऊ आता अभ्यास करतो की नाही ते मला मोजता येत नाही.

२५ मे

चार-पाच दिवस नुसता कोसळतोय आणि आज तर मान्सूनच कोकणात आल्याचं जाहीर झालं. मे मध्ये! आईची आमसुलं अर्धी वाळलेली, घरभर पसरलीत, माझ्या खुर्चीवर पण.

बुधवारी रात्री कडकडाट असा की आजी देवासमोर बसून राहिली. सकाळी मांगराकडे गेले तर कन्व्हर्टरचे दिवे चालू. बरं वाटलं.

लाईट सात तास नव्हती पण नेट होतं. राउटर, डबा आणि कन्व्हर्टर तिन्ही घरातल्या इन्व्हर्टरवर घेतलेत, सगळे मिळून एका छोट्या बल्बांच्या माळेएवढं खातात.

आज परत स्टूल घेऊन फिरले. खळ्यातला आकडा −६६ वरून −७४. बाहेरची भिंत पाणी प्यायलीय, जांभा तसा भोकाभोकांचा, स्पंजसारखा, आणि ओली भिंत सिग्नल जास्त गिळते. (ओटीवरच्याची ताकद कमी केली होती त्यातले पण काही असतील, ते वेगळं मोजलं नव्हतं, वहीत नाही.) पण खोलीत −५८ तो −५८ च. वरून येणाऱ्या वाटेवरचं सगळं कौलांच्या आत आहे, कोरडं. हे मी ठरवून केलं असतं तर किती मिरवलं असतं.

गळती मात्र तुळईपासून दोन हातांवर सुरू झालीय. बाबांनी खाली टमरेल ठेवलंय. टप्प टप्प कॉलवर ऐकू जातं, मॅनेजरने विचारलं पण.

१५ जून

सकाळी खोलीत नेट नाही. माजघरात बघितलं तर राउटर चालू, वायफाय दिसतंय, नेट नाही. केबल. पाईप संपतो तिथला तो उघडा फूटभर, उंदराने बरोबर तिथेच, तीन तारा आरपार आणि बाकीच्या सोलून ठेवल्यासारख्या. एवढ्या पंचवीस मीटरमध्ये त्याला तेवढंच सापडलं. कापून नवा कनेक्टर लावला, ह्यावेळी आठ ठिपके दिसल्यावरच दाबलं, आणि पाईपाचा तुकडा घातला.

आईने परवाच शेजारून बोका आणलाय. दोन दिवसांत त्याने उंदीर एकही धरला नाही पण तुळईवर चढून राउटरला पाठ लावून झोपायचा शोध लावला, ह्या गारठ्यात तिथे उबदार लागतं. तो झोपलेला असताना खोलीतला आकडा घेतला, −६१. तीन गेले, म्हणजे अर्धा सिग्नल बोक्याने खाल्ला.

कॉल चालतोय. झोपू दे त्याला.